रंग उडाला, म्हणून काय झालं?

परवा सकाळी घंटागाडी यायच्या वेळेला ओला-सुका कचरा वेगळा करत होते. तळाशी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेलं एक पुडकं हाताला लागलं. उघडलं तर आत तीन निकर. शिवण कुठे उसवलेली नाही, इलास्टिक अजून ताठ. दिवाळीच्या आधी मीच मेन रोडवरून आणून दिलेल्या. कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आलेल्या माझ्या भाचीच्या.

तेव्हा काही बोलले नाही. संध्याकाळी दोघी मेथी निवडायला बसलो, तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं. आधी ती गप्प. मग डोळे भरून आले. "मावशी, त्यांचा मधल्या पट्टीचा रंग उडालाय. काळ्यावर तांबूस चट्टे पडलेत. कितीही घासलं तरी जात नाहीत. मला काहीतरी झालंय गं."

कधीपासून? तर म्हणे दहावीपासून. म्हणजे तीन-चार वर्षं ही पोर मनात आजार घेऊन फिरतेय! आईला सांगितलं नाही, मैत्रिणींना सांगितलं नाही. रंग उडाला की निकर कागदात गुंडाळायची आणि कोणी बघायच्या आत टाकून द्यायची.

मी उठले, कपाटातून माझी गडद निळी निकर काढली आणि तिच्यासमोर धरली. मधल्या पट्टीवर तसाच फिकट, केशरीकडे झुकणारा चट्टा. ती बघतच राहिली. "तुला पण?" म्हटलं, "मला पण, तुझ्या आईला पण, आणि तुझ्या कॉलेजातल्या पोरींनाही विचार. खरं बोलल्या तर बहुतेक जणी हेच सांगतील." तेव्हा कुठे ती हसली.

मैत्रिणींनो, हा विषय पुरवणीत कशाला, असं तुमच्यापैकी काही जणींना नक्की वाटेल. सकाळच्या चहाबरोबर घरातली सगळी माणसं वर्तमानपत्र वाचतात, त्यात हे काय? पण तीन-चार वर्षं एका हुशार मुलीला कोणी सांगितलं नाही, म्हणून तिने स्वतःला आजारी ठरवलं. हे माझ्या घरात घडलं. तुमच्या घरात घडत नसेलच, असं खात्रीने सांगता येईल का?

आता आधी त्या चट्ट्याचं बघू.

आपल्या ब्लाऊजची काख आठवा. गडद रंगाचा ब्लाऊज चार-सहा महिने वापरला की काखेतला रंग विटतो. का? घामामुळे. ते आपण कोणापासून लपवत नाही. "घामाने पार रंग गेला बघ," असं शेजारणीलाही सांगतो. निकरच्या पट्टीचंही जवळजवळ तसंच आहे. तिथे घामाबरोबर योनीमार्गातून येणारा स्राव असतो आणि तो स्राव आंबट असतो. शास्त्राच्या भाषेत आम्लधर्मी. दिवसभर तो कापडाला लागतो, वाळतो, परत लागतो. कापडाचा रंग आम्लाने हळूहळू उतरतो. काळी निकर तांबूस होते, निळी फिकट होते, मरून गुलाबीसर दिसायला लागते. तो डाग नसतोच, म्हणून तो घासून जात नाही. तिथला रंगच गेलेला असतो.

आंबट आणि खाऱ्या गोष्टींनी रंग कसा बदलतो, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला वेगळं शिकवायला नको. पदराला हळदीचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला की तो लालभडक होतो. त्यावरच लिंबू पिळलं की परत पिवळा. हळदीची तऱ्हा थोडी वेगळी, कारण तिचा रंग परत येतो आणि कापडाचा उडालेला रंग काही परत येत नाही. पण आंबटपणाचं रंगाशी काहीतरी नातं आहे, एवढं त्यावरून नक्की कळतं.

हा आंबटपणा येतो कुठून? त्यासाठी दह्याचं विरजण आठवा. दुधाला विरजण लावलं की त्यातले जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून दही आंबट होतं. योनीमार्गात याच कुळातले जिवाणू मुक्कामाला असतात. त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतात. आल्बर्ट डॉडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. हे जिवाणू तिथल्या पेशींमधली साखर वापरून लॅक्टिक आम्ल बनवतात. आंबटपणा मोजायच्या पट्टीवर, म्हणजे पीएचवर, साध्या पाण्याचा आकडा ७. तो जितका खाली, तितकी वस्तू आंबट. निरोगी, वयात आलेल्या बाईच्या योनीमार्गाचा आकडा साधारण ३.८ ते ४.५ असतो. म्हणजे आपल्या ताका-दह्याइतकाच.

हा आंबटपणा म्हणजे आपली राखण आहे. दही लवकर नासत नाही, कारण आंबट जागी दुसरे जंतू सहजासहजी वाढत नाहीत. इथेही तोच नियम. म्हणजे ज्या आंबटपणामुळे निकरचा रंग उडतो, तोच आपल्याला बऱ्याच आजारांपासून वाचवतो. ज्याची लाज वाटून पोर निकर फेकून देत होती, ती तिच्या तब्येतीची चांगली खूण होती!

गंमत म्हणजे हा आंबटपणा आयुष्यभर सारखा नसतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढलं की तो वाढतो. पाळी सुरू होण्याआधी तो कमी असतो आणि पाळी गेल्यावर परत कमी होतो. म्हणून लहान मुलीच्या किंवा आजीच्या निकरवर असे चट्टे फारसे दिसत नाहीत. भाचीला दहावीच्या सुमारास ते दिसायला लागले, यात नवल काहीच नव्हतं. तिचं शरीर वयात येत होतं, एवढंच.

स्रावाचं प्रमाणही महिनाभर एकसारखं नसतं. दोन पाळ्यांच्या मध्ये, बीज सुटायच्या दिवसांत, तो पातळ, पारदर्शक, अंड्यातल्या पांढऱ्यासारखा चिकट होतो. पाळीच्या आधी घट्ट आणि पांढरट होतो. गरोदरपणात जास्त जातो. हवा लागून वाळला की पांढऱ्या निकरवर तो पिवळसर दिसतो. या सगळ्यात खाज, जळजळ किंवा घाण वास नसेल, तर काळजीचं काही कारण नाही. "पांढरं गेलं की हाडं झिजतात, अंगातली ताकद निघून जाते," असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ते खरं नाही. कंबर दुखते, थकवा येतो, त्याची कारणं बहुतेक वेळा अंगातलं रक्त कमी असणं, अपुरं जेवण आणि उसंत नसलेलं काम ही असतात. आपण मात्र पांढऱ्या जाण्याला दोष देत बसतो आणि रक्त तपासायचं राहून जातं.

आता दुसरी बाजू. रंग उडाला म्हणजे आजार नाही, हे जितकं खरं, तितकंच रंग उडाला म्हणजे सगळं उत्तम आहे, हेही धरून चालता येत नाही. कापडाचा रंग पक्का असेल तर तो उडणारच नाही, कच्चा असेल तर दोन धुण्यांत जाईल. बादलीत कपड्यांच्या ब्लीचचे थेंब जास्त पडले तरी रंग जातो, पण तो असा फक्त मधल्या पट्टीवर नाही जात. तेव्हा रंगावरून काही ठरवायचं नाही. बघायचं ते स्रावाकडे. आणि बघायचं म्हणजे खरंच बघायचं, तोंड फिरवून निकर बादलीत टाकायची नाही.

स्राव दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट आहे आणि प्रचंड खाज सुटते, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. तो वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी, कारण मधुमेहात हा त्रास जास्त होतो. स्राव पातळ, करडा-पांढरा आहे आणि त्याला मासळीसारखा वास येतो, तर राखण करणारे जिवाणू कमी होऊन दुसरे वाढलेले असतात. अशा वेळी आंबटपणा कमी होतो, पीएचचा आकडा ४.५ च्या वर जातो. पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव आणि जळजळ असेल, तर तो ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचा संसर्ग असू शकतो. त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर बायको बरी होते आणि महिन्याभरात परत तिथेच येते. हे तिन्ही आजार औषधांनी बरे होतात. मात्र तिन्हींना एकच औषध चालत नाही. म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी मेडिकलमधून आपण आणून घ्यायची नाही.

आणि रक्त! दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर निकरवर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी थांबायचं नाही. ओटीपोटात दुखून ताप येत असेल, तरीही नाही. डॉक्टरांकडे जायचं.

"जायचं" हे लिहायला सोपं आहे, हे मला कळतं. १९८९ च्या जानेवारीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा एक अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायका त्यांनी तपासल्या. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. एकीला सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के! बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच मानणाऱ्या जगाला त्या दोन गावांतल्या बायकांनी जागं केलं. त्याला आता साडेतीन दशकं होऊन गेली. पण आपण आजही "अंगावरून जातंय" हे वाक्य आवाज खाली आणूनच बोलतो.

न बोलण्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक म्हणजे आजार अंगावर काढणं. दुसरी त्याहून भयंकर. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी सगळ्या महाराष्ट्राने वाचली. कोवळ्या वयात पिशवी काढून टाकलेल्या बायका गावोगाव होत्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यातल्या कितीतरी जणींची तक्रार काय होती? अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, पाळी जास्त जाते. त्यावर "पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल," अशी भीती घातली गेली, आणि कामाचा एक दिवस बुडाला तर मुकादमाचा दंड भरावा लागणाऱ्या त्या बायकांनी अंगठा दिला.

अंगावरून पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही. बहुतेक वेळा ते आजाराचंच लक्षण नसतं, आणि असलं तरी आठवडाभराच्या औषधाने बरं होणारं असतं. हे एक वाक्य त्या बायकांना आधी कोणी सांगितलेलं असतं तर? म्हणून म्हणते, निकरचा चट्टा ही लहान गोष्ट नाही. आपल्या शरीराचं नेहमीचं काय आणि बिघडलेलं काय, हे जिला माहीत असतं, तिला कोणी सहज घाबरवू शकत नाही. जिला माहीत नसतं, ती एक तर लपवते, नाहीतर घाबरून सांगतील त्याला मान डोलावते. कोणी पिशवी काढायचा सल्ला दिला, तर तपासणीचे कागद मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही, तो आपला हक्क आहे.

कॅन्सरची भीती वाटते ना? मग तपासणीच करून घ्या, आणि ती फार सोपी आहे. गंमत बघा, तिथेही आंबटच कामाला येतं. सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, गर्भाशयाच्या मुखाला लावतात. मिनिटभरात संशयास्पद भाग पांढरा दिसायला लागतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून तिथल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांमध्ये यावर मोठा अभ्यास केला. ही तपासणी मोठ्या डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी केली. २०१४ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांप्रमाणे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे ३१ टक्क्यांनी कमी झाले. सरकारच्या कार्यक्रमात ही तपासणी तिशीनंतर दर पाच वर्षांनी करून घ्यायला सांगतात. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या दिवशी होते, हे आशाताईंना विचारून ठेवा. आणि अंगावरून जाण्याच्या तक्रारींसाठी सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे सल्ला आणि औषध फुकट मिळतं आणि नाव बाहेर जात नाही.

आता थोडं घरातल्या काळजीचं. सगळ्यात मोठी चूक आपण कोणती करतो, तर आतून धुण्याची. वास येतो म्हणून साबण, जंतुनाशकाचं पाणी, नाहीतर जाहिरातीतलं महागडं 'वॉश'. योनीमार्ग स्वतःला स्वतःच साफ करतो. साबण खारा, म्हणजे आंबटाच्या बरोबर उलटा. आत साबण घालणं म्हणजे विरजलेल्या दह्यात सोडा टाकणं! राखणदार जिवाणू जातात आणि नको ते शिरतात. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, पुरे. जिवाणू दह्याच्या कुळातले म्हणून कोणी आत दही लावायला सांगेल, तर तेही करू नका. शी झाल्यावर धुताना हात पुढून मागे न्यायचा, आणि मुलींना हे लहानपणीच शिकवायचं.

निकर सुती असावी, फार घट्ट नको, रोज बदलावी. दोन-तीन तरी फिक्या रंगाच्या असू द्या, म्हणजे स्रावाचा रंग नीट दिसतो. धुतल्यावर साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून काढा. चट्टा घालवायला ब्लीच वापरू नका, तो जाणार नाही आणि कातडीची आग होईल ती वेगळीच. कापड विरलं, इलास्टिक सैल झालं की निकर टाका, रंग उडाला म्हणून नको.

आणि वाळवा मात्र उन्हात! आपल्या वाड्यांत, चाळींत, आता फ्लॅटच्या बाल्कनीतही आतले कपडे कुठे वाळतात? परकराच्या खाली, टॉवेलच्या आड, नाहीतर बाथरूममागच्या अंधाऱ्या खिळ्यावर. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात तर चार-चार दिवस वाळत नाहीत आणि आपण तशाच दमट निकर चढवतो. मग मांड्यांमध्ये बुरशीची खाज. पावसाळ्यात इस्त्री फिरवून घ्या, पण ओलसर घालू नका. आणि पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला येणाऱ्या बायकांचा विचार करा. दिवसभर शेतात, जवळ संडास नाही, निकर बदलायला आडोसा नाही. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं. त्यांना "स्वच्छता पाळा" असं सांगून आपण मोकळं होऊ शकत नाही. ज्या घरच्या बागेत मजूर बायका येतात, त्या घरच्या बाईने नवऱ्याकडे एका तात्पुरत्या संडासाचा आणि पाण्याच्या टाकीचा आग्रह धरला, तर तो हजार उपदेशांपेक्षा मोठा ठरेल.

शेवटी एकच मागणं आहे. घरात दहा-अकरा वर्षांची मुलगी असेल, तर पाळीबद्दल सांगताना हेही सांगा. "पाळी यायच्या आधी सहा महिने-वर्षभर निकरवर पांढरं दिसायला लागेल. गडद निकरचा रंग उडेल. घाबरू नको, माझंही तसंच होतं. पण खाज आली, वास आला, तर मला सांग." चार वाक्यं आहेत. चपात्या लाटता लाटता सांगून होतील. नवी सून घरात आली असेल, तर तिच्याशीही बोला. तिच्या निकरवरचे चट्टे बघून जावा-नणंदांनी कुजबुजायचं काही कारण नाही, कारण त्यांच्या निकरवरही ते असतात.

त्या दिवशी कचऱ्यातून काढलेल्या तिन्ही निकर मी गरम पाण्यात धुतल्या आणि भाचीच्याच हातात दिल्या. ती गच्चीवर गेली. बराच वेळ खाली आली नाही, म्हणून वर जाऊन बघितलं. निकर टॉवेलच्या आड नव्हत्या. पुढच्या दोरीवर, उन्हात, चिमटे लावून टांगलेल्या होत्या. शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्यांनी एकदा बघितलं आणि परत पापडांकडे वळल्या. आभाळ काही कोसळलं नाही.